ऑटोमॅटिकचा लिव्हर घट्ट झालाय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, बाहेर धो धो पाऊस, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक पार करून सोसायटीत शिरलो. पोडियमवर गाडी रिव्हर्सने लावायला गेलो आणि लिव्हर डी मधून आर मध्ये जाईना. मागे दोन गाड्या खोळंबलेल्या, खालून वॉचमनची शिट्टी. डाव्या हाताने जमेना म्हणून शेवटी दोन्ही हात घातले. गेला एकदाचा, पण आत काहीतरी मोडलं असंच वाटलं.

जड तो जूनपासूनच येत होता. पावसाळ्यात दारं फुगतात, कपाटं लागत नाहीत, तसंच काहीतरी असेल म्हणून मी कानाडोळा केला होता. गाडी २००९ ची, साधी चार स्पीडची ऑटोमॅटिक, मामांकडून घेतलेली. दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने बॉनेटही उघडलं नाही. दोनदा लिव्हर पुढेमागे केला आणि म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. अडतीस हजार धरून चला." विचार करून सांगतो म्हटलं आणि सटकलो. शेवटी निघालं काय, तर गंजलेली केबल.

ज्यांनी पहिल्यांदाच जुनी ऑटोमॅटिक घेतली आहे आणि बॉनेट म्हणजे वायपरचं पाणी भरायची जागा एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. ऑटोमॅटिकमध्ये आपण लिव्हरने गिअर बदलत नाही. पुढे जायचंय (डी), मागे जायचंय (आर), न्यूट्रलमध्ये मोकळं राहायचंय (एन), की पार्क करून थांबायचंय (पी), एवढाच निरोप तो आत पोचवतो. पुढचं सगळं आतले क्लच आणि ऑइलचा दाब बघून घेतात. त्यामुळे आतलं काही बिघडलं तर गाडी झटके देते, रेस देऊनही उचलत नाही, डी टाकल्यावर दोन सेकंद विचार करत बसते. लिव्हर हाताला जड लागणं हे सहसा त्याचं लक्षण नाही. तुमच्या हातापासून गिअरबॉक्सपर्यंत बटण, लिव्हर, पी चं लॉक, केबल आणि गिअरबॉक्सच्या बाहेरचा छोटासा लोखंडी आर्म अशी साखळी आहे. तिची कुठली कडी अडतेय, एवढंच शोधायचं. "गिअर ऑइल बदला, मोकळा होईल" असं कोणी म्हणालं तर हो म्हणा आणि पुढे चला. ऑइल वेळेवर बदलावंच, पण या दुखण्यावर ते औषध नाही.

आणि हो, तुमच्या लिव्हरवर पी आहे ना? २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमधून एएमटी आणली, तेव्हापासून बरेच लोक तिलाही ऑटोमॅटिकच म्हणतात. तिच्या लिव्हरवर आर, एन, डी, एम असतं, पी नसतो. तो गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअरची कामं यंत्र करतं, आणि लिव्हर हा जवळजवळ विजेचा स्विच. तिचं दुखणं वेगळं. खालचं सगळं पी-आर-एन-डी असलेल्या, केबलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी आहे, मग ती टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे नेहमीची ठराविक गिअरची ऑटोमॅटिक असो, की सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक.

नक्की कधी घट्ट होतो?

गॅरेजात जायच्या आधी दोन-तीन दिवस लक्ष ठेवा आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा. फक्त पी मधूनच निघत नाही आणि बाकी सगळीकडे छान फिरतो, तर संशय उतारावर किंवा ब्रेकच्या लॉकवर. पी पासून डी पर्यंत सगळीकडे सारखाच जड, पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी चार दिवस उभी राहिल्यावर जास्तच, तर केबल किंवा गिअरबॉक्सजवळचा आर्म. सकाळी ठीक आणि तासभर ट्रॅफिकमध्ये तापल्यावर जड, तर केबलचं आवरण सायलेन्सरच्या पाइपजवळ कुठे वितळलंय का ते बघावं लागेल. लिव्हर जड असण्याऐवजी ढिला झालाय, डी मध्ये टाकला तरी मीटरवर एन दिसतंय, तर केबलच्या टोकाचं बुश, म्हणजे ती खुंटीवर घट्ट बसवणारी छोटी कडी, गेलंय. त्या गाडीने ऑफिसला जाऊ नका.

एक लक्षण लोकांच्या लक्षात येत नाही. गाडी बंद केली, पण किल्ली निघत नाही. बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर पूर्ण पी मध्ये बसल्याशिवाय किल्ली सुटत नाही. म्हणजे लिव्हर पी ला पोचल्यासारखा दिसतो, पण पोचलेला नसतो. किल्लीवाल्याला बोलवायची गरज नाही.

पहिली तपासणी: उतार

याला पाच पैसे लागत नाहीत. पी टाकला की गिअरबॉक्सच्या आत एक खिट्टी दातेरी चक्रात जाऊन बसते. येऊरच्या रस्त्यावर, बेलापूरला पारसिक हिलवरच्या एखाद्या गल्लीत किंवा रॅम्पवर गाडी उभी करून तुम्ही नुसता पी टाकलात आणि ब्रेक सोडलात, तर गाडीचा सगळा भार त्या खिट्टीवर लटकतो. निघताना ती भाराखालून उपसावी लागते. लिव्हर जड येतो आणि सुटताना ढप्पकन आवाज होतो.

सवय अशी लावा: ब्रेकवर पाय, लिव्हर एन मध्ये, हँडब्रेक पूर्ण ओढा, आता पाय हळूच उचला. गाडी बोटभर सरकून हँडब्रेकवर बसेल. पुन्हा ब्रेक दाबा आणि मग पी. आठवडाभर असं केल्यावर जडपणा गेला, तर हे पान इथेच बंद करा.

आधीच अडकली असेल तर दोघांना बोलवा. त्यांनी दोन्ही बाजूंना दाराजवळच्या खांबांना धरून गाडी चढाच्या दिशेने रेटायची. उताराच्या बाजूला, गाडीच्या वाटेत कोणीही उभं राहायचं नाही. आत बसणाऱ्याने इग्निशन ऑन करून, हँडब्रेक सोडून, पाय ब्रेकवर नुसता दिवा लागण्यापुरता ठेवायचा, कुठल्याही क्षणी पूर्ण दाबायच्या तयारीत. भार हलला की लिव्हर सुटतो.

दुसरी तपासणी: ब्रेकचा दिवा आणि 'टक्'

ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून निघू नये म्हणून लिव्हरला विजेचं लॉक असतं. ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच आहे, तोच मागचे लाल दिवे लावतो आणि तोच या लॉकला खबर देतो. म्हणून लिव्हर पी मध्ये अडकला की आधी मागचे दिवे बघायचे. रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा, इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका, ब्रेक दाबा. भिंतीवर लाल उजेड पडतोय का? लिव्हरच्या बुडाशी 'टक्' आवाज येतोय का? एसी, रेडिओ, पंखा सगळं बंद ठेवून ऐका.

दिवे लागत नाहीत, तर फ्यूज किंवा तो स्विच. आपल्याकडे तिसरी शक्यता उंदरांची. खाडीकडच्या किंवा नाल्याशेजारच्या सोसायट्यांत उंदीर वायर कुरतडतात. दिवे लागतात पण टक् होत नाही, तर बॅटरी उतरली आहे का बघा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर लॉक उघडण्यापुरतीही वीज उरत नाही. बॅटरी ठणठणीत असेल तर लॉकचा सोलेनॉइड (लॉक ओढणारं विजेचं चुंबक) किंवा त्याची वायर, हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. टक् होतं तरीही लिव्हर हलत नाही, तर पुढच्या तपासणीकडे वळा.

अडचणीत सुटायला एक चोरवाट असते. बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या बाजूला नखाएवढं झाकण दिसतं. ते उचकटलं की खाली फट असते. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून त्या फटीत किल्ली किंवा छोटा स्क्रू ड्रायव्हर दाबा आणि लिव्हर एन मध्ये आणा. गाडी तिथून हलवण्यापुरतं हे ठीक. महिनोन् महिने किल्ली खुपसून गाडी चालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांचे ब्रेकचे दिवेही बंद असू शकतात, आणि मागून येणारा टेम्पोवाला काही अंतर्ज्ञानी नसतो.

याच स्विचची उलटी तऱ्हाही होते. पेडलवर या स्विचसमोर प्लॅस्टिकची एक टिकली असते, ती जुनी होऊन भुगा होते. मग ब्रेक कायम दाबलेलाच आहे असं स्विच समजतो आणि ब्रेक दिवे रात्रभर चालू राहून बॅटरी उतरते. पायाखालच्या मॅटवर प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर फेकून देऊ नका, आधी वर बघा.

तिसरी तपासणी: बटण आणि कन्सोल

लिव्हरवरचं बटण दाबून बघा. दाबलं की झटकन परत येतं का? चिकटत, रेंगाळत येत असेल तर आत काहीतरी सांडलेलं आहे. कपहोल्डर लिव्हरच्या शेजारी देणाऱ्या माणसाने टपरीवरचा कटिंग कधी गाडीत नेला नसावा.

कन्सोलचे स्क्रू काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि पाचेक मिनिटं थांबा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा डबा याच कन्सोलखाली असतो. पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही आणि तिथे हातोडी तर अजिबात चालवायची नाही. एवढ्याने धास्ती वाटत असेल तर हे काम कोणा जाणत्यावर सोपवा.

माझ्या गाडीत कन्सोल उचलल्यावर एक रुपयाची दोन नाणी निघाली, केसांची एक पिन, भडंगातले शेंगदाणे आणि लिव्हरच्या खाचेत सुकलेल्या चहाचा तपकिरी थर, बोटाने खरवडला तर गुळाच्या पापडीसारखा सुटणारा. कोमट पाण्यात कापड पिळून तो पुसला, सुकवला, आणि जिथे प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर घासतं तिथे सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला. थोडा फरक पडला. पूर्ण नाही. घरातलं खोबरेल घालायचा मोह टाळा. धूळ पकडतं आणि जानेवारीत बाटलीत थिजतं तसं तिथेही थिजतं.

चौथी तपासणी: केबल सोडवून बघणं

सगळा निकाल इथे लागतो. अडतीस हजारवाल्याने ही तपासणी केली असती तर त्याला दहा मिनिटांत कळलं असतं.

गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड आणि बंद. हँडब्रेक पूर्ण, आणि चारही चाकांना पुढेमागे विटा. हा सोपस्कार नाही. केबल सोडवल्यावर आतला लिव्हर पी दाखवत असला तरी गिअरबॉक्स एन मध्ये असू शकतो, मग गाडीला धरून ठेवायला त्या विटा आणि हँडब्रेकच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नका. सुदैवाने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत खाली शिरावं लागत नाही. बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा, आणि काही गाड्यांत बॅटरीचा ट्रे बाजूला केला, की गिअरबॉक्सच्या माथ्यावर केबल येऊन आर्मला जोडलेली दिसते. कोणती केबल, याबद्दल शंका असेल तर एकाला आत बसवून लिव्हर हलवायला सांगा. जी हलते ती.

आता पक्कड हातात घ्यायच्या आधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा. लिव्हर एन मध्ये ठेवा आणि आर्म जिथे आहे तिथे खूण करा. मी बायकोचं नेलपेंट वापरलं, ते ऑइलने पुसलं जात नाही. मग केबलचं टोक आर्मच्या खुंटीवरून सोडवा. कुठे क्लिप असते, कुठे नट, कुठे गोळी-वाटीसारखं दाबून बसवलेलं असतं. आर्म ज्या नटने गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलाय तो मोठा नट खोलायचा नाही. आपल्याला केबल आर्मपासून वेगळी करायची आहे, आर्म गिअरबॉक्सपासून नव्हे.

सुटली? आता आर्म हाताने हलवा. निरोगी गिअरबॉक्सचा आर्म हाताच्या साध्या जोराने फिरतो आणि प्रत्येक घराला स्पष्ट टकटक लागते: पी, आर, एन, डी आणि पुढची असतील ती. पी मध्ये जाताना किंचित जास्त जोर लागतो, ते ठीक. माझा आर्म जुन्या रेडिओच्या बटणासारखा टकटक करत फिरला. तिथे उभ्या उभ्या मला अडतीस हजार परत मिळाल्यासारखं वाटलं.

आर्मच घट्ट असेल तर तो ज्या दांड्यावर बसतो त्याच्या बुडाशी गंज दिसतोय का बघा. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलेल्या गाड्यांत हे होतं. तिथे गंज सोडवणारा स्प्रे, डब्ल्यूडी-४० सारखा, थोडासाच मारा, वीसेक मिनिटं मुरू द्या, आर्म पुढेमागे हलवा, पुन्हा मारा. पाइप लावून जोर करू नका. त्या दांड्यावरच गाडी कुठल्या घरात आहे हे सांगणारा स्विच बसलेला असतो. तो आतून गंजून अडकला असेल तर तो बदलून एन ला नीट जुळवावा लागतो, ते काम मिस्त्रीचं. इतकं करूनही आर्म हलत नसेल, तरच गिअरबॉक्सच्या आतला विषय काढायचा.

आर्म मोकळा निघाला तर आत बसून लिव्हर हलवा. तोही आता मोकळा असेल तर आर्मच्या खुंटीवरचं बुश किंवा केबल धरणारा ब्रॅकेट वाकला आहे का ते बघा. लिव्हर अजूनही जड असेल तर दोष लिव्हरमध्ये किंवा केबलमध्ये. कन्सोलखालून केबलचं दुसरं टोकही सोडवा. माझा लिव्हर त्या क्षणी देवघरातल्या घंटीसारखा हलका झाला. दोषी केबल.

केबलला तेल पाजू नका. मीही आधी स्प्रेची नळी आवरणात घालून बघितली. चार दिवस मोकळी, पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. आवरण एकदा फाटून पाणी शिरलं की आतली तार फुगते, आणि पुढे ती तुटणार कधी, एवढाच प्रश्न उरतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट्स मिळतात, मीही तिथून आरसा आणलाय, पण सेकंडहँड केबल घेऊ नका. ती तुमच्या गाडीइतकीच म्हातारी असते. नवीनच घ्या, गाडीचा चॅसी नंबर सांगून, कारण मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकच्या केबल वेगळ्या असतात आणि काउंटरवर गल्लत होते. फक्त बुश गेलं असेल तर ते सुटं मिळतंय का आधी विचारा.

केबल बसल्यावर

नवीन केबल बसवली म्हणजे काम झालं असं नाही, ती जुळवावी लागते. लिव्हर एन मध्ये, आर्म एन मध्ये, आणि मगच केबलचं टोक घट्ट करायचं. एक घर चुकलं तर लिव्हर पी दाखवेल आणि गिअरबॉक्स आर मध्ये असेल. म्हणून गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारातच हे करून बघा, मिस्त्री कितीही घाईत असला तरी:

ब्रेक पूर्ण दाबून एकेका घरात लिव्हर ठेवून स्टार्टर मारा. गाडी फक्त पी आणि एन मध्ये सुरू झाली पाहिजे. आर टाकल्यावर पांढरा दिवा लागला पाहिजे, आर सोडल्यावर विझला पाहिजे. लिव्हर जे दाखवतो तेच मीटरवर. किल्ली पी मध्येच निघावी. शेवटी हलक्या उतारावर पी टाकून ब्रेक हळूच सोडा, हात हँडब्रेकवर ठेवून. गाडी किंचित सरकून थबकली पाहिजे. सरकतच राहिली तर हँडब्रेक ओढा आणि मिस्त्रीला हाक मारा.

रस्त्यातच तुटली तर

तीन हात नाक्याच्या सिग्नलला लिव्हर अचानक पिसासारखा हलका झाला, तर केबल किंवा बुश तुटलं. गिअरबॉक्स शेवटच्या घरातच राहतो. डी मध्ये असेल तर गाडी पुढे चालेल, पण इंजिन बंद केलंत तर पुन्हा सुरू होणार नाही. म्हणून धोक्याचे दिवे लावा, आधी कडेला सुरक्षित जागी घ्या, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, चाकाला दगड लावा. टोचनवाल्याला फोन करताना "ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेड पाठव" असं आधीच सांगा. दोर बांधून, इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं रस्त्यावर फिरवत नेली तर इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही, आणि मग खरोखरच तो उतरवायची वेळ येते.

गॅरेजात गेल्यावर "गिअर घट्ट झालाय, बघा" असं म्हणू नका. "आर्म हाताने मोकळा फिरतो, केबल सोडवल्यावर लिव्हर हलका होतो, केबल बदलून द्या" असं सांगा. मी तुर्भ्याच्या एका गॅरेजात एवढंच सांगितलं. तिथल्या पोराने मान वर करून विचारलं, "काका, लाइनमधले का तुम्ही?" संध्याकाळी गाडी मिळाली. जुनी केबल डिकीत ठेवायला सांगितली होती, ती घरी येऊन वाकवून बघितली. फाटलेल्या आवरणातून गंजाची भुकटी लादीवर सांडली, आणि ती पुसायला मलाच लागली.